पडण्या-उठण्याचे गाणे

मराठीच्या दोन अध्यापकांनी एका इंग्रजी गाण्यावर मिळून लेख लिहावा, याचे आमच्या विद्यार्थ्यांना हसू येईल. आमचे दोघांचेही इंग्रजी बेताचे, आणि पाश्चात्त्य संगीताचे ज्ञान त्याहून बेताचे. तरीही हे गाणे गेली पंचवीस-सत्तावीस वर्षे आमच्या मागे लागलेले आहे. आधी ते कानाला आवडले, मग काही काळ अगदी नकोसे झाले आणि आता वर्गात शिकवताना मध्येच आठवते. गाण्याचे नाव ‘टबथंपिंग’, आणि ते गाणाऱ्या ब्रिटिश गटाचे नाव ‘चंबावंबा’. नावे उच्चारताना जीभ अडखळते, पण चाल ऐकली की ‘अरे, हे होय!’ असे बहुतेक जण म्हणतात.

ते आम्ही पहिल्यांदा ऐकले १९९७-९८ च्या सुमारास, वेगवेगळ्या गावी. आमच्यापैकी एकाने वसतिगृहाच्या खाणावळीतल्या केबल टीव्हीवर ऐकले, तर दुसऱ्याच्या चुलतभावाने मुंबईहून मिश्र गाण्यांची कॅसेट भरून आणली होती, तिच्यात ते होते. शब्द कळण्याचा प्रश्नच नव्हता. कोणीतरी पडतो, पुन्हा उठतो, आणि कोणाला तरी ठणकावून सांगतो की मला खाली दाबून ठेवता येणार नाही, एवढे ध्रुपदावरून समजे. कडव्यात व्हिस्कीपासून सायडरपर्यंत चार पेयांची नावे येत, म्हणून ते दारूचे गाणे आहे असा वसतिगृहाचा एकमुखी निष्कर्ष होता. खाणावळीचे मामा ते लागले की आवाज कमी करीत आणि मुले पुन्हा मोठा करीत. परीक्षेच्या आदल्या रात्री, क्रिकेटची मॅच हरल्यावर, नापास झालेल्याची समजूत काढताना, कुठेही ते चाले. आता वाटते, आमची ही ‘समज’ जगाच्या समजेहून फार वेगळी नव्हती. अमेरिकेतल्या खेळांच्या मैदानांवर ते याच अर्थाने वर्षानुवर्षे वाजत राहिले.

पुढे एम. ए. ला आम्ही एकत्र आलो. आम्ही म्हणजे त्या वेळी तिघे. एम. ए. झाले, सेट झाली, आणि तिघेही एकाच संस्थेच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे सगळे ज्याला सीएचबी म्हणतात त्या पद्धतीने, शिकवू लागलो. ही पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच की घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, सुट्टीचे मिळत नाहीत, आणि जे मिळतात ते केव्हा मिळतील हे सांगता येत नाही. दर जूनमध्ये नव्याने मुलाखत. आदल्या वर्षी ज्या विषयाची प्रश्नपत्रिका काढली, त्याच विषयाचे ‘आपणांस ज्ञान आहे काय’ असे पुन्हा विचारले जाई.

२०११ साली आमच्या संस्थेने अध्यापकांसाठी एक ‘प्रेरणा कार्यशाळा’ ठेवली. त्या वर्षीचे मानधन तेव्हा सात महिन्यांचे थकले होते. बाहेरून आलेल्या व्याख्यात्याने प्रोजेक्टर सुरू केला, सर्वांना उभे राहायला सांगितले आणि हे गाणे लावले. टाळ्या वाजवायच्या, ध्रुपद आले की एकदा खाली वाकायचे आणि ताठ उभे राहायचे. आयुष्य तुम्हाला पाडेल, तुम्ही उठा, असा त्याचा आशय होता. सुमारे तीस अध्यापक वाकले आणि उठले. आम्ही दोघेही वाकलो आणि उठलो. आमच्यापैकी एकाची कायम नेमणूक महिन्याभरापूर्वीच झाली होती, दुसऱ्याची पुढच्या वर्षी होण्याची आशा होती. तिसरा मात्र बसून राहिला. व्याख्यात्याने त्याच्याकडे पाहून माइकवर काहीतरी विनोद केला, लोक हसले. तो उठला, पण गाण्याच्या ठेक्यावर नाही. पिशवी उचलून बाहेर गेला. त्या जूनमध्ये तो मुलाखतीला आला नाही.

या गोष्टीविषयी आम्ही तिघे कधीच बोललो नाही. आम्ही दोघेदेखील आपापसांत बोललो नाही. त्या दिवसापासून गाणे मात्र आम्हांला ऐकवेना. एखाद्या लग्नात डीजेने लावले की आम्ही पाणी प्यायला उठत असू.

ते गाणे कोणाचे आणि कशासाठी होते, याचा शोध आम्ही घेतला तो पुष्कळ उशिरा. आणि जे हाती आले त्याने आम्ही चक्रावलो. हा गट १९८२ साली लँकेशायरमधल्या बर्नली गावी जमला आणि पुढे लीड्सला गेला. तिथे आर्मली भागातल्या एका मोठ्या घरात ही मंडळी एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, पैसा वाटून घेत. विचाराने ती अराज्यवादी होती. कोणी एक पुढारी नाही, निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात त्यांनी संपकऱ्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम केले. १९८६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचे नावच असे होते की उपाशी मुलांची छायाचित्रे लावली की ध्वनिमुद्रिका खपतात. त्याच्या आदल्या वर्षी इथिओपियाच्या दुष्काळासाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ या महाकार्यक्रमावरची ती टीका होती. सगळे जग डोळे पुसत असताना अशी टीका करायला निराळीच छाती लागते. ती करणाऱ्यांना लोकप्रियता लाभत नाही, आणि यांनाही पुढची दहा-अकरा वर्षे ती लाभली नाही.

लाभली ती १९९७ च्या ऑगस्टमध्ये, याच गाण्याने. ब्रिटनच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेले, अमेरिकेत सहाव्या, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पहिल्या. आणि ते काढले कोणी? ‘ईएमआय’ने. याच कंपनीविरुद्ध १९८९ साली काही गटांनी मिळून एक शिवीवजा शीर्षकाचा संग्रह काढला होता आणि त्यात चंबावंबाही सामील होते. जुन्या मित्रांनी हे विसरायचे ठरवले नाही. १९९८ मध्ये इतर पंक गटांनी खास चंबावंबाविरोधी तबकडी काढली. तिचे शीर्षक यांच्याच १९८६ च्या अल्बमच्या नावावर बेतलेले होते, फक्त ‘उपाशी मुलांची छायाचित्रे’च्या जागी ‘निर्लज्ज ढोंग’. विडंबनाचा हा नमुना आम्हांला फार आवडला, हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांच्या भांडणांत रस असणाऱ्यांना हे वातावरण मुळीच परके वाटणार नाही. मोठ्या प्रकाशकाकडे गेलेल्या कवीवर आपण काय काय लिहिले आहे, ते आठवून पाहावे.

आता गाण्याच्या संहितेकडे वळू. इथे आमचा व्यवसाय थोडा उपयोगी पडतो. नावापासूनच गंमत आहे. ‘टबथंपिंग’ म्हणजे तावातावाने केलेले भाषण. जुन्या इंग्लंडमध्ये बंडखोर पंथांच्या धर्मोपदेशकांच्या व्यासपीठाला कुचेष्टेने ‘टब’ म्हणत आणि त्यावर मुठी आपटून बोलणाऱ्याला टब बडवणारा. आपल्याकडे टेबल बडवतात तसे. म्हणजे शीर्षकात दारू नाही, सभा आहे. हे नाव गाण्याच्या शब्दांत ऐकू येत नाही, त्यामुळे ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी गोष्ट सर्वनामांची. गाणे सुरू होते ते ‘आम्ही’ने: जिंकताना आम्ही गात असू, अशा आशयाच्या ओळी. त्यांच्यामागे ब्रिटिश फुटबॉलच्या मैदानावरचा एक टोमणा आहे. तुमच्या तोंडून गाणे फुटते ते फक्त जिंकत असताना, असे प्रतिपक्षाच्या पाठीराख्यांना हिणवायचे. मग ध्रुपदात ‘मी’ येतो, तो पडतो आणि उठतो. त्यानंतर सगळा गोंगाट ओसरतो आणि एका स्त्रीचा मऊ, जवळजवळ चर्चमधला वाटावा असा स्वर रात्र वाया घालवण्याविषयी गातो, आणि तेही एका गावरान शब्दात. कडव्यात ‘तो’ आहे, एकेक पेला रिचवणारा आणि चांगल्या दिवसांची आठवण देणारी गाणी म्हणणारा. शेवटाकडे तुतारी वाजते, ती जेरेमाया क्लार्कच्या ज्या जुन्या संचलनाची, ते इंग्लंडमध्ये लग्नात वाजते. आम्ही, मी, ती, तो. राजेशाही तुतारी आणि गुत्ता. साडेतीन-चार मिनिटांत एवढे लोक एका खोलीत येतात. आमच्या कार्यशाळेत मात्र यांतला फक्त ‘मी’ उरला होता. व्याख्यात्याने ध्रुपद तेवढे कापून घेऊन पुन्हा पुन्हा वाजवले होते, असे आता आठवते.

आणि अल्बममध्ये या गाण्याच्या आधी एक बोलका तुकडा आहे, तो तर आम्ही कधी ऐकलाच नव्हता. १९९६ च्या ‘ब्रास्ड ऑफ’ या चित्रपटातले ते भाषण आहे. यॉर्कशायरमधली एक कोळशाची खाण बंद पडते आहे आणि खाणकामगारांचा वाद्यवृंद तरीही स्पर्धा जिंकतो. वृंदाचा आजारी प्रमुख, म्हणजे नट पीट पोस्टलथ्वेट, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये व्यासपीठावर उभा राहून सांगतो की संगीताला महत्त्व आहे असे मला वाटत आले. पण माणसांपुढे ते काहीच नाही. गाण्याचे दार उघडते ते या वाक्यांनी. पडून उठणारा ‘मी’ कोण, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. रेडिओवर गेलेल्या गाण्यात हे भाषण नव्हते. दारच काढून टाकल्यावर घर कोणाचे, हे येणाऱ्याने ठरवायचे.

आम्ही तृतीय वर्षाच्या वर्गाला जयंत पवारांचे ‘अधांतर’ शिकवतो. गिरणी संपाने मोडलेल्या एका घराचे हे नाटक १९९७ चे, म्हणजे या गाण्याच्याच वर्षाचे. आणि तो संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, म्हणजे हा गट जमला त्याच वर्षी. या जुळणीला काही अर्थ नाही, योगायोग आहे. पण ‘अधांतर’मध्ये कोणी पडून उठत नाही. पडलेले माणूस घरात पडूनच राहते, भाऊ भावाला ओळखेनासा होतो, आणि आई चूल चालवत राहते. विद्यार्थी विचारतात, ‘सर, यात सकारात्मक काय आहे?’ या प्रश्नाला आम्ही कधी नीट उत्तर देऊ शकलो नाही. उत्तरपत्रिकेत ते ‘जिद्द’ असे लिहितात आणि आम्ही गुण देतो.

या गाण्याच्या स्वागताचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग ९ फेब्रुवारी १९९८ चा. लंडनच्या जुन्या गोदी भागातल्या सभागृहात ब्रिट पुरस्कारांचा सोहळा होता. लिव्हरपूलच्या सुमारे पाचशे गोदी कामगारांना १९९५ च्या सप्टेंबरमध्ये कामावरून काढून टाकले गेले होते, कारण पहाऱ्याला उभ्या असलेल्या संपकऱ्यांची रांग ओलांडून आत जायला त्यांनी नकार दिला. १९९७ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले, पण त्यांच्यासाठी काही झाले नाही. चंबावंबाने त्या रात्री रंगमंचावर गाण्याचे शब्द बदलून हे सुनावले. नंतर त्यांच्यातला डॅनबर्ट नोबेकन हा गायक उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्या टेबलाशी गेला आणि त्याने बर्फाच्या पाण्याची बादली त्यांच्या अंगावर ओतली. प्रेस्कॉट हे स्वतः कधीकाळी जहाजावरचे वाढपी, आणि १९६६ च्या खलाशांच्या संपातले कार्यकर्ते. म्हणजे बादली रिकामी झाली ती एका जुन्या संपकऱ्यावर. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ते वारले.

या प्रसंगाचे कौतुक करणारे एक गोष्ट सांगत नाहीत, ती म्हणजे गोदी कामगारांचा लढा त्याआधी दोन आठवड्यांपूर्वीच, जानेवारीच्या अखेरीस, संपला होता. ते हरले होते. अडीच वर्षे रस्त्यावर उभे राहून त्यांनी तडजोड स्वीकारली होती. बादली हरलेल्यांच्या वतीने ओतली गेली.

पुढचा इतिहास भराभर सांगता येईल. १९९८ च्या विश्वचषकासाठी ‘नायकी’ने पंधरा लाख डॉलर देऊ केले, ते त्यांनी नाकारले, असे ही मंडळी सांगतात. २००२ मध्ये मात्र ‘जनरल मोटर्स’ला मोटारीच्या जाहिरातीसाठी दुसरे एक गाणे एक लाख डॉलरना दिले, आणि ते पैसे कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या ‘कॉर्पवॉच’ आणि ‘इंडीमीडिया’ या संस्थांना वाटून टाकले. हे शुद्ध वर्तन की हिशेबी, यावर आम्हां दोघांचे एकमत नाही. एकाला त्यात चातुर्य दिसते. दुसऱ्याला वाटते की जाहिरात लाखोंनी पाहिली असेल आणि देणगीची बातमी फारच थोड्यांनी वाचली असेल. २०११ मध्ये, म्हणजे आमच्या कार्यशाळेच्याच वर्षी, ब्रिटनच्या युकिप पक्षाचे नायजेल फराज आपल्या अधिवेशनात या गाण्यावर व्यासपीठाकडे चालत आले. गटाने ते थांबवायला सांगितले. २०१२ साली गट विसर्जित झाला. मार्च २०२४ मध्ये न्यूझीलंडचे तेव्हाचे उपपंतप्रधान विन्स्टन पीटर्स यांनी ते आपल्या सभेत वाजवले, आणि विसर्जित गटातल्या माणसांना पुन्हा एकदा सांगावे लागले की हे तुमच्यासाठी नाही. एका उपपंतप्रधानावर पाणी ओतले, तर सव्वीस वर्षांनी दुसरा उपपंतप्रधान गाणे घेऊन व्यासपीठावर.

समीक्षेच्या तासाला आम्ही रोलाँ बार्थच्या १९६७ च्या निबंधाचा दाखला देऊन लेखकाच्या मृत्यूविषयी सांगतो. संहिता एकदा सुटली की अर्थ वाचकाचा, वगैरे. विद्यार्थ्यांना हे फार पटते, कारण त्यामुळे कोणतेही उत्तर चुकत नाही. चंबावंबाच्या बाबतीत लेखक मेला नाही; तो उपपंतप्रधानांना हरकती कळवीत बसला आहे. वाचकाला अर्थ लावण्याची मोकळीक असावी हे आम्हांला आजही मान्य आहे. वसतिगृहातल्या नापास मुलाने ते गाणे आपले मानले, त्यात कोणाचे काय बिघडले? पण ज्याने सात महिन्यांचे पैसे थकवले आहेत, तो जेव्हा ते वाजवून समोरच्याला उठायला सांगतो, तेव्हा तो फक्त अर्थ लावत नाही. गाण्यात ज्याला उद्देशून ‘तुम्ही मला दाबू शकणार नाही’ असे म्हटले आहे, त्या ‘तुम्ही’च्या जागी तो स्वतः बसलेला असतो, आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून आवाज मोठा केलेला असतो. हे आम्हांला २०११ साली कळले नाही असे नाही. कळले होते, म्हणूनच तर पाणी प्यायला उठत होतो.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही दोघे त्याला भेटायला गेलो. तहसील कचेरीसमोर त्याचे झेरॉक्सचे दुकान आहे. मुद्रांक विक्रेते, अर्ज लिहून देणारे आणि सातबारा काढायला आलेली माणसे यांच्या गर्दीत. भिंतीवर, टोनरच्या खोक्यांच्या वर, मर्ढेकरांची कविता आणि कोसलाची जुनी आवृत्ती अशी चार-सहा पुस्तके अजून होती. आम्हांला पाहून तो म्हणाला, ‘या, प्राध्यापक. बसा. स्टूल एकच आहे, पाळीपाळीने बसा.’

चहा झाला, मुलीच्या दहावीचे झाले, कोण निवृत्त झाले ते झाले. मग आम्ही कार्यशाळेचा विषय काढला. काढताना आमच्यातल्या एकाचा आवाज अडखळला आणि दुसऱ्याने वाक्य पुरे केले. आम्ही त्या दिवशी उभे राहिलो, टाळ्या वाजवल्या, तुझ्यामागे बाहेर यायला हवे होते, ते आलो नाही, एवढेच सांगायचे होते. तो यंत्राचे झाकण उघडून अडकलेला कागद काढत होता. ‘अरे, तुम्ही बाहेर आला असता तर तुम्हीही इथेच असता. तीन झेरॉक्सवाले एका कचेरीसमोर चालत नाहीत.’

मग त्यानेच विचारले, ‘ते गाणे होते कसले पण? पोरीच्या शाळेत क्रीडादिनाला अजून लावतात.’

आम्ही सांगत गेलो. लीड्सचे घर, ईएमआय, खाणीतला वाद्यवृंद, तुतारी. बादलीचा प्रसंग ऐकून तो इतका मोठ्याने हसला की अर्ज लिहिणारे दोघे वळून पाहू लागले. ‘बर्फाचे पाणी? उपपंतप्रधानावर? आणि त्या माणसाला काही झाले नाही?’ आम्ही सांगितले, तसे फारसे काही नाही. त्याने ते मुलीला सांगण्यासाठी पुन्हा एकदा नीट, क्रमाने ऐकून घेतले. नोबेकन हे नाव त्याने पावतीच्या मागे लिहून घेतले.

‘आणि त्या गोदीवाल्यांचे काय झाले?’

त्यांचा संप आधीच मिटला होता, ते हरले होते, असे आम्ही सांगितले. तो काही बोलला नाही. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ फेरफाराचा उतारा घेऊन आत आले. त्याने तो त्यांच्या हातातून घेतला, दुमडलेले कोपरे अंगठ्याने सरळ केले आणि विचारले, ‘बाबा, किती प्रती काढू?’